सेवक आणि सेवायोजक : ऐकून घेतल्यावाचून शिक्षा नाही

१. चार सेवक, चार सेवायोजक

कुही ह्या तालुक्याच्या गावी सकाळी दहाच्या सुमारास कामावर निघालेल्या चार व्यक्ती डोळ्यांसमोर आणाव्यात. पहिली डाकघरात जाते, दुसरी तहसील कचेरीत, तिसरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आणि चौथी एखाद्या खाजगी अनुदानित विद्यालयात. चौघांचेही वेतन सार्वजनिक पैशातून येते आणि गावकरी चौघांनाही ‘सरकारी नोकर’ ह्या एकाच नावाने ओळखतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ह्या चौघांचे सेवायोजक, म्हणजे त्यांना नोकरी देणारे व त्यांच्यावर अधिकार चालविणारे धनी, वेगवेगळे आहेत.

डाकघरातील सेवक हा केंद्र सरकारचा सेवक होय. त्याची गाऱ्हाणी १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाप्रमाणे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. तहसील कचेरीतील लिपिक हा राज्य सरकारचा सेवक असून त्याच्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ नागपूर येथे बसते. खाजगी विद्यालयातील शिक्षकास १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम लागू आहे. बडतर्फीचा वा सेवेतून काढल्याचा आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासाठी असे स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. त्याने प्रथम नियमांत सांगितलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करावयाचे आणि त्यानेही समाधान न झाल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे रिट अर्ज करावयाचा, असा त्याचा मार्ग आहे.

हा भेद माहीत नसल्यामुळे पुष्कळदा योग्य गाऱ्हाणे अयोग्य दारी नेले जाते आणि तेवढ्यात मुदत टळून जाते. म्हणून आपला सेवायोजक कोण, आपल्या नियुक्तिपत्रावर कोणाची सही आहे आणि आपल्याला कोणते नियम लागू आहेत, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शिक्षकास तोंडपाठ असावयास हवीत.

२. मर्जीपासून नियमापर्यंत

इंग्रजी अमदानीत सरकारी नोकर हा राजाच्या मर्जीने नोकरीवर राहतो, असे तत्त्व होते. मर्जी फिरली की नोकरी गेली. ह्या तत्त्वाला १९१९ च्या व त्यानंतर १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्याने काही आळा घातला. १९३५ च्या कायद्यातील कलम २४० अन्वये, सेवकास कामावरून दूर करण्यापूर्वी त्याचे म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे आवश्यक ठरले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हा अनुच्छेद ३१० मध्ये मर्जीचे तत्त्व कायम राहिले. परंतु त्याच्याच पाठोपाठ येणाऱ्या अनुच्छेद ३११ ने त्या मर्जीला दोन बंधने घातली. ज्या अधिकाऱ्याने नेमणूक केली त्याच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास त्या सेवकाला बडतर्फ करता किंवा काढून टाकता येणार नाही, हे पहिले बंधन. दोषारोप कळविल्यावाचून व बचावाची वाजवी संधी देऊन चौकशी केल्यावाचून बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती ह्यांपैकी कोणतीही शिक्षा करता येणार नाही, हे दुसरे.

ह्या नियमाला घटनेनेच तीन अपवाद ठेवले आहेत. ज्या वर्तनामुळे फौजदारी न्यायालयात दोष सिद्ध झाला त्याच वर्तनाबद्दलची शिक्षा, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नसल्याची लेखी कारणे नोंदविलेली प्रकरणे, आणि राज्याच्या सुरक्षिततेची प्रकरणे, हे ते अपवाद होत. १९८५ साली तुलसीराम पटेल ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अपवाद वैध ठरविले.

अनुच्छेद ३११ चे शब्द केंद्राच्या व राज्याच्या नागरी पदांना उद्देशून आहेत. मग जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे काय? नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शाळा पूर्वी १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जनपद सभांकडे होत्या. १९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाप्रमाणे १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व शिक्षक जिल्हा सेवेत आले. त्यांच्यासाठी १९६४ साली शिस्त व अपील नियम आणि १९६७ साली वर्तणूक नियम करण्यात आले. जे संरक्षण टपाल कर्मचाऱ्यास घटनेच्या अनुच्छेदातून मिळते, त्याच तत्त्वाचे संरक्षण शिक्षकास ह्या १९६४ च्या नियमांतून मिळते. झरे दोन असले तरी पाणी एकच आहे.

३. लहान पद, तोच हक्क

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. असे संरक्षण मोठ्या पदांसाठी असेल. खेड्यातील अल्प वेतनाच्या सेवकास ते कोठून मिळणार? ह्या शंकेचे उत्तर टपाल खात्यातच मिळते.

एके काळी पुष्कळ खेड्यांत शाळेचे गुरुजीच अर्धवेळ शाखा डाकपाल असत. दुपारी शाळा सुटली की तेच गुरुजी पत्रांवर शिक्के मारीत व मनीऑर्डरी वाटीत. अशा सेवकांना ‘खात्याबाहेरील अभिकर्ते’ म्हणत. आज त्यांना ‘ग्रामीण डाकसेवक’ असे नाव आहे. ह्या वर्गातील काही सेवकांना चौकशीवाचून काढून टाकण्यात आले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हे अर्धवेळ काम करणारे लोक नियमित सेवेतील नव्हेत, सबब त्यांना ३११ चे संरक्षण नाही, असे टपाल खात्याचे म्हणणे होते. १९७७ साली न्यायालयाने ते अमान्य केले. सेवक निवडण्याचा, नेमण्याचा, कामावर देखरेख ठेवण्याचा व काढून टाकण्याचा अधिकार सरकारकडे असेल आणि मोबदला सरकारी निधीतून मिळत असेल, तर ते पद नागरी पद होय. मग ते अर्धवेळ का असेना. हीच कसोटी न्यायालयाने त्यापूर्वीच आसाममधील एका मौजादाराच्या प्रकरणात घालून दिली होती. पदाच्या लहानमोठेपणावर ऐकून घेतले जाण्याचा हक्क अवलंबून नाही, हा ह्या निर्णयांचा बोध आहे.

४. ‘वाजवी संधी’ म्हणजे काय?

१९५७ साली खेमचंद विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वाजवी संधी’ ह्या शब्दांचा अर्थ उलगडून दाखविला. आरोप काय आहे व तो कशावर आधारलेला आहे हे सेवकास कळले पाहिजे, म्हणजे त्याला आरोप नाकारता येईल. विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची मुभा त्याला असली पाहिजे. नियोजित शिक्षेबद्दलही त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. ह्यांपैकी शिक्षेविषयीची दुसरी संधी घटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली काढून टाकली. परंतु चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याने केली असल्यास तिच्या अहवालाची प्रत सेवकास देऊन त्यावर त्याचे म्हणणे घेतलेच पाहिजे, असे न्यायालयाने १९९३ साली पुन्हा स्पष्ट केले.

व्यवहारात ह्या संधीच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात :

(अ) कारणे दाखवा नोटीस व तिला द्यावयाचा लेखी खुलासा.
(आ) जबर शिक्षेचे प्रकरण असल्यास दोषारोपपत्र. त्यासोबत आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी व साक्षीदारांची यादी असावयास हवी.
(इ) सेवकाचे लेखी बचाव-निवेदन.
(ई) चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्षी, उलटतपासणी व बचावाचा पुरावा.
(उ) चौकशी अहवालाची प्रत व त्यावरील निवेदन.
(ऊ) कारणे नमूद केलेला अंतिम आदेश.
(ए) नियमांत दिलेल्या मुदतीत अपील.

ठपका ठेवणे किंवा वेतनवाढ रोखणे ह्यांसारख्या किरकोळ शिक्षांसाठी एवढी लांब चौकशी सर्वदा होत नाही. तथापि लेखी सूचना व खुलाशाची संधी तेथेही चुकत नाही.

५. एक उदाहरण

नियम वाचून जे मनात ठसत नाही ते उदाहरणाने ठसते. आंभोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका द्विशिक्षकी शाळेची कल्पना करावी. अचानक झालेल्या तपासणीत शालेय पोषण आहाराचा तांदूळ नोंदवहीपेक्षा ४० किलोने कमी भरतो. वस्तुतः शेजारच्या शाळेस पुरवठा उशिरा झाल्यामुळे, मुलांचे जेवण बंद पडू नये म्हणून, तोंडी निरोपावरून हा तांदूळ उसना दिलेला आहे. मुख्याध्यापकास कारणे दाखवा नोटीस मिळते. सात दिवसांत खुलासा न आल्यास काही म्हणावयाचे नाही असे समजण्यात येईल, असे तीत लिहिलेले आहे.

येथे दोन प्रकारचे शिक्षक संभवतात. पहिला मनाने दुखावतो. इतकी वर्षे निष्ठेने काम करूनही आपल्यावर संशय घेतला गेला, ह्या विचाराने तो जेवत नाही, कोणाशी बोलत नाही आणि नोटिशीस उत्तरही देत नाही. सत्य आपोआप बाहेर येईल, अशी त्याची श्रद्धा असते. सात दिवस निघून जातात. कागदावर उरते ते एवढेच, की तांदूळ कमी होता आणि सेवकाने खुलासा केला नाही. आता हे प्रकरण अपहाराचे वाटू लागते. वसुली, दोषारोपपत्र आणि गावात होणारी कुजबुज ह्यांची साखळी येथूनच सुरू होते.

दुसराही दुखावतो, परंतु तो लेखणी हाती घेतो. तांदूळ कोणत्या तारखेस, कोणत्या शाळेस व कोणाच्या निरोपावरून दिला, हे तो लिहितो. शेजारच्या शाळेच्या साठा नोंदवहीतील आवक दाखविणाऱ्या पानाची प्रत जोडतो. तेथील मुख्याध्यापकांचे नाव साक्षीदार म्हणून देतो. लेखी परवानगी घेतली नाही आणि त्याच दिवशी आपल्या वहीत नोंद केली नाही, ही स्वतःची चूकही तो लपवीत नाही. खुलासा मुदतीत देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तो कार्यालयाची पोच घेतो. त्याला ठपका मिळणे संभवते. कारण अनियमितता झालीच आहे. परंतु अनियमितता आणि अपहार ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर त्याने स्वतःच्या हाताने कागदावर आणून ठेवलेले आहे.

दोघांचे वर्तन एकच होते, प्रामाणिकपणाही एकच होता. फरक पडला तो कायद्याने देऊ केलेली संधी एकाने घेतली व दुसऱ्याने सोडली म्हणून. ऐकून घेणे हे सेवायोजकाचे कर्तव्य खरे. परंतु जो बोलतच नाही त्याचे कोणी कसे ऐकावे?

६. निलंबन

निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी निर्वेध व्हावी म्हणून सेवकास काही काळ कामापासून दूर ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. सेवेचे नाते त्या काळातही तुटत नाही. म्हणूनच निलंबित सेवकास निर्वाह भत्ता मिळतो. हा भत्ता म्हणजे मेहेरबानी नसून ज्याने चौकशीस तोंड द्यावयाचे त्याला जगता यावे, ह्यासाठीची तरतूद आहे.

ह्या संदर्भात महाराष्ट्रातील एक प्रकरण स्मरणीय आहे. मुंबई नागरी सेवा नियमांत, न्यायालयात दोषी ठरलेल्या निलंबित सेवकास त्याचे अपील प्रलंबित असताना दरमहा केवळ एक रुपया नाममात्र भत्ता देण्याची तरतूद होती. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. एका रुपयात महिना काढणारा माणूस अपील लढविणार कसा, हा साधा प्रश्न त्या निर्णयाच्या मुळाशी होता. पुढे २०१५ साली न्यायालयाने असेही सांगितले, की तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, आणि बजावले असल्यास मुदतवाढीची कारणे आदेशात नमूद करावीत.

७. शिक्षकाची कर्तव्ये

हक्काची दुसरी बाजू कर्तव्य ही होय. १९६७ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे सचोटी व कर्तव्यनिष्ठा ही सेवेची पहिली अट आहे. शिक्षकास मतदानाचा हक्क आहे; परंतु राजकीय पक्षाचे काम करता येत नाही. परवानगीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने ह्या कर्तव्यांत भर घातली. त्यातील कलम २४ प्रमाणे शाळेत नियमित व वेळेवर येणे, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक तेथे जादा शिकविणे आणि पालकांच्या सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती व प्रगती कळविणे, ही शिक्षकाची कायदेशीर कर्तव्ये आहेत. त्यांत कसूर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. परंतु त्याच कलमात, कारवाईपूर्वी शिक्षकास ऐकून घेण्याची वाजवी संधी द्यावी, असेही म्हटले आहे. कलम २८ ने खाजगी शिकवणीस मनाई केली आहे. कलम १७ ने बालकास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे निषिद्ध ठरविले आहे.

शिक्षणाबाहेरच्या कामांबद्दल अनेकांच्या मनात संभ्रम असतो. कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद ह्यांच्या निवडणुका, एवढ्याच अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकास जुंपता येते. ही कामे नाकारता येत नाहीत. मात्र मतदार याद्यांच्या कामासाठी शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर बोलवावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिला. आदेश ह्या मर्यादेबाहेरचा वाटल्यास शिक्षकाने काम सोडून घरी बसू नये. नम्र लेखी निवेदन द्यावे व त्याची पोच ठेवावी.

८. सेवायोजकाची कर्तव्ये

सेवायोजकाकडेही कर्तव्ये आहेत. वेळेवर वेतन देणे, सेवापुस्तक अद्ययावत ठेवणे, ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करून हरकती मागविणे, ही त्यांतील नित्याची होत. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा सेवकास कळविला पाहिजे, असा निर्णय २००८ साली झाला. निवृत्तिवेतन ही बक्षिसी नसून सेवकाची मालमत्ता आहे, असे न्यायालयाने १९७१ सालीच ठरविले होते. महिला शिक्षकांच्या बाबतीत २०१३ च्या अधिनियमाप्रमाणे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ऐकण्यासाठी समिती असावी लागते. सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावयाची असते, आणि ती लिहिण्यास साहाय्य करणे हेही समितीचे काम आहे.

सेवापुस्तक हे शिक्षकाच्या सेवेचे चरित्र होय. वर्षातून एकदा ते पाहण्याचा आग्रह धरावा. जन्मतारखेतील किंवा वेतनवाढीतील एक चुकीची नोंद तीस वर्षांनी निवृत्तीच्या वेळी उघडकीस आली, तर तिची दुरुस्ती करणारे हात आणि आठवण ठेवणारी माणसे तोवर निघून गेलेली असतात.

९. वर्गातील न्याय

ऐकून घेतल्यावाचून शिक्षा नाही, हे तत्त्व कार्यालयापुरते नाही. वर्गात एखाद्याची पेन्सिल नाहीशी होते आणि शेजारी बसणाऱ्या मुलाकडे सर्वांची बोटे वळतात. अशा वेळी गुरुजी त्या मुलास विचारतात, ‘तुझे म्हणणे काय?’ आणि त्याचे सर्व सांगणे होईपर्यंत थांबतात. त्या थांबण्यात मुलाला घटनेचा पहिला धडा मिळतो. जो शिक्षक आपल्या वरिष्ठांकडून न्यायाची अपेक्षा करतो, त्याच्या हाताखाली रोज तीसचाळीस जीव तीच अपेक्षा ठेवून बसलेले असतात. शिक्षक हा एकाच दिवशी सेवकही असतो आणि न्यायाधीशही. दोन्ही भूमिकांत त्याने एकच नियम पाळला, तर त्याला तो नियम दुसऱ्यांकडे मागण्याचा खरा अधिकार प्राप्त होतो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या नियुक्तिपत्रावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे? त्यावरून आपणास लागू असलेल्या नियमांबद्दल कोणता बोध होतो?
२. पाचव्या भागातील दुसऱ्या शिक्षकाच्या खुलाशाचा नमुना दीडशे शब्दांत लिहावा.
३. त्याने स्वतःची चूक मान्य केली, हे त्याच्या हिताचे झाले की अहिताचे? दोन्ही बाजूंनी विचार करावा.
४. निलंबन व शिक्षा ह्यांतील फरक गावकऱ्यांना समजेल अशा साध्या शब्दांत सांगावा.
५. गेल्या महिन्यात वर्गात आपण न ऐकता शिक्षा केली, असा एखादा प्रसंग आठवतो काय? तो ह्या पाठाच्या प्रकाशात पुन्हा तपासून पाहावा.